फुगलेली भिंत

स्वातंत्र्य ही माणसाची सर्वांत जुनी भूक आहे, आणि ती भागवायची तर त्याने आधी चार भिंतींचा मोह सोडला पाहिजे. आम्ही सोडला. राहता फ्लॅट विकला, कपाटं वाटून टाकली आणि गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर घेतलं. त्याला स्वयंपाकघर होतं, पलंग होता, न्हाणीघर होतं आणि भिंती मोजून चारच होत्या. हे घर दोन वर्षं माझ्या मेहुण्यांच्या, म्हणजे बायकोच्या दादाच्या, घरामागच्या अंगणात विटांवर उभं होतं.

दोन वर्षांत त्याने एकच प्रवास केला होता, दुकान ते अंगण. आम्ही तिथून निघणार होतो, पण आधी त्याचे ब्रेक बिघडले, मग माझी कंबर बिघडली, मग भाचीचं लग्न निघालं. आणि सगळं आटोपून आता उद्या निघायचं म्हणेपर्यंत भिंत फुगली.

ट्रेलरची भिंत बाहेरून दणकट दिसते. प्रत्यक्षात ती सँडविचसारखी असते. बाहेर फायबरचा पातळ पत्रा, त्याच्यामागे बिस्किटाच्या जाडीचं प्लाय, मग थर्माकोल, मग पुन्हा प्लाय. सगळं नुसतं गोंदावर उभं असतं. आमच्या दाराच्या वरचा सांधा उघडला, त्यातून पाणी गेलं, प्लाय भिजलं आणि गोंदाने हात टेकले. सुटलेला पत्रा सकाळी नुसता सैल असायचा. ऊन चढलं की आतली हवा तापायची आणि दाराशेजारी परातीएवढा फुगा यायचा. त्यावर टिचकी मारली की ढब असा आवाज यायचा. संध्याकाळी तो पुन्हा बसायचा.

मेहुण्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी नेमकी त्याच बाजूला. वहिनी भांडी विसळता विसळता विचारायच्या, "भाऊजी, कितवा महिना?"

मी दुरुस्तीवाल्याला फोन केला.

"घेऊन या," तो म्हणाला.

"आणतो. पण रस्त्यावर वाऱ्याने पत्रा फाटणार नाही ना?"

"फाटणार की. अशा अवस्थेत रस्त्यावर काढूच नका."

"मग तुम्ही या."

"आम्ही बाहेर जाऊन काम करत नाही."

"मग मी काय करू?"

त्याने विचार केला. माणूस सज्जन होता. "भिंत नीट करून घ्या," तो म्हणाला, "आणि मग आणा."

त्या दिवशी बायकोने गुडघा पलंगाच्या कडेवर आपटून घेतला. रोजच आपटायची, पण त्या दिवशी ती खाली बसली आणि शांतपणे बोलली. बायको शांतपणे बोलायला लागली की मी हातातलं काम ठेवतो.

"अहो, एकदाच सांगते. ही भिंत नीट झाली तर दुसऱ्याच दिवशी निघायचं. मी एक अक्षर बोलणार नाही. नाही झाली, तर हे विकून टाकायचं आणि वहिनींच्या वरच्या खोलीत राहायचं. मग तुम्ही एक अक्षर बोलायचं नाही."

वरची खोली चांगली होती. हवेशीर होती, पडदे फुलाफुलांचे होते आणि वहिनी मनापासून द्यायला तयार होत्या. पण मी दोन वर्षं अंगणातून ते घर पाहत होतो. मेहुणे खुर्चीत टेकले, कप ओठांशी नेला, की आतून हाक यायची, "अहो, जरा." या 'जरा'मध्ये सिलिंडर बदलण्यापासून माळ्यावरचं सामान उतरवण्यापर्यंत काहीही मावत असे. ज्याने नद्यांवर पूल टाकले तो माणूस निवृत्त झाल्यापासून दिवसभर पिठाची गिरणी, औषधांचं दुकान आणि वहिनींचे नातेवाईक यांच्यात ये-जा करत होता. मला या हाका अजून येत नव्हत्या. अंगणात होतो तोवर मी पाहुणा होतो. वर राहायला गेलो की घरचा माणूस झालो असतो.

म्हणून भिंत नीट होणं भाग होतं.

मेहुण्यांना कळलं तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. "जावईबापू," ते म्हणाले, "हा चिकटवण्याचा प्रश्नच नाही. हा दाबाचा प्रश्न आहे." आणि ते नकाशा काढायला बसले. मधे दोनदा 'जरा' झालं, तरी नकाशा पूर्ण झाला.

आम्ही खालची पट्टी काढून पत्रा पडद्यासारखा वर उचलला. आतलं प्लाय ओल्या पुठ्ठ्यासारखं हातात आलं. ते खरवडून काढलं, पंखे लावून आतला भाग वाळवला, नवं प्लाय बसवलं, वरचा सांधा नव्याने भरला. इथवर कोणीही करेल. पुढचं फक्त मेहुणे करू शकत होते.

ट्रेलर विटांवरून उतरवून, ढकलत नेऊन त्याची पलीकडची बाजू कुंपणाच्या भिंतीला भिडवायची, मधे जुने टायर. अलीकडे गोंद फासलेल्या पत्र्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत आडव्या फळ्या. फळ्या आणि स्वयंपाकघराची भिंत यांच्यामध्ये आडवे जॅक. जॅक फिरवले की पत्रा दाबला जाईल. पण एवढ्या दाबाने भिंत आत वाकेल, म्हणून आतूनही तेवढेच टेकू. आतले टेकू आम्ही दोघांनी सांभाळायचे, बाहेरचे जॅक बायकांनी फिरवायचे.

गोंद दोन डब्यांतला होता. एकत्र कालवला की तो कुणासाठी थांबत नाही. सकाळी आम्ही तो फासला, पत्रा खाली सोडला आणि घाईघाईने आत जाऊन टेकू धरले. बाहेर बायका फळ्या चढवू लागल्या.

"दादा," बायकोचा आवाज आला, "ही फळी दारावरून जातेय."

"जाऊ दे. नकाशाप्रमाणे कर."

"आणि ही पण."

"नकाशात कशी आहे?"

"अशीच आहे."

"मग?"

जॅक फिरले. भिंत कुरकुरली. मेहुणे एका हाताने टेकू आणि दुसऱ्या हाताने हवा सांभाळत सूचना देत होते. डावीकडे अर्धा फेरा, उजवीकडे पाव, बस. कित्येक वर्षांनी त्यांचं कोणीतरी ऐकत होतं. शेवटी सगळीकडे सारखा दाब बसला, कडेने गोंदाची बारीक रेघ बाहेर आली आणि ते टेकूवरचा हात काढून म्हणाले, "संपलं. आता उद्या सकाळपर्यंत याला देवानेही हात लावायचा नाही."

"चहा टाकते," वहिनी बाहेरून म्हणाल्या. "या आता."

मेहुण्यांनी दाराची कडी फिरवली. दार बोटभर सरकलं आणि फळीला टेकलं. त्यांनी पुन्हा एकदा हळूच ढकलून पाहिलं. मग नकाशा काढला आणि तो उलटा धरूनही तपासला.

"दार बाहेर उघडतं," त्यांनी निष्कर्ष सांगितला.

"दोन वर्षं तसंच उघडतंय," मी म्हणालो.

"नकाशात मी ते धरलं नव्हतं. दाराचा भार येत नाही ना."

त्यांची चूक म्हणता येणार नाही. त्यांच्या हयातीत बांधलेल्या एकाही पुलाला दार लागलं नव्हतं.

पलंगाच्या बाजूला एक मोठी खिडकी होती. तिच्यावर लाल अक्षरांत 'संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग' असं लिहिलेलं होतं. मी तिचा लाल दांडा ओढला. खिडकी तत्परतेने सुटली आणि कुंपणाच्या भिंतीला जाऊन टेकली. दोन्हींच्या मधून एक मुंगी चालली होती, तीही तिरकी. छताच्या झरोक्यातून मेहुण्यांचं डोकं गेलं, खांदे गेले नाहीत. माझे खांदे कदाचित गेले असते, पण पोटाबद्दल मलाच खात्री नव्हती. राहिली समोरची छोटी खिडकी. ती खालून वीतभर उघडायची. त्यातून जेवणाचा डबा आडवा धरला तर आत येऊ शकत होता, आणि आवाज.

आवाज आला. "अहो, हे काय?" वहिनींचा चेहरा त्या फटीत आडवा दिसत होता. "तो मधला जॅक सोडा आणि बाहेर या."

"मधला सोडला तर दाराशेजारचा पत्रा सुटेल," मेहुणे म्हणाले.

"मग सुटू दे."

सुटलेला पत्रा पुन्हा बसणार नव्हता. अर्धवट धरलेला गोंद म्हणजे नवा पत्रा, म्हणजे नवी भिंत, म्हणजे वरची खोली. मी काही बोलणार तेवढ्यात बायको म्हणाली, "वहिनी, थांबा. ह्यांचं माझं ठरलंय. भिंत नीट झाली तर आम्ही निघणार." तिने आवाजात कुठलीही बाजू घेतली नव्हती. पंच जसा नियम सांगतो तसं तिने सांगितलं.

"पण संध्याकाळी माझी मावसबहीण येतेय," वहिनी म्हणाल्या. "तिला आणि तिच्या मिस्टरांना स्टेशनवरून कोण आणणार?"

इतक्या वर्षांत या प्रश्नाचं एकच उत्तर होतं आणि ते आत्ता माझ्याशेजारी उभं होतं. मेहुण्यांनी सवयीने खिसा चाचपला, गाडीची किल्ली आहे का पाहिली. मग ते थांबले. दाराकडे पाहिलं, टेकूंकडे पाहिलं.

"मला येता येणार नाही," ते म्हणाले.

"काय?"

"जॅकला हात लावू नकोस. स्लॅब ओतल्यावर कुणी टेकू काढतं का?"

"हा स्लॅब आहे का?"

"नाही. म्हणून जास्त जपायचं."

फटीतून वहिनींचा चेहरा गेला. बाहेर बायको टॅक्सीला फोन करत असल्याचं ऐकू आलं. मेहुणे पलंगाच्या कडेवर बसले. त्यांच्या आवाजात काहीतरी नवीन होतं. तो आनंद होता, हे मला फार उशिरा कळलं.

दुपारी घर तापलं. गोंदाचा वास डोक्यात चढला. आम्ही दोघं अंगाने बेताचे नाही आणि आत तुळयांसारखे टेकू पसरलेले. एकाला उठायचं तर दुसऱ्याने बसायचं, एकाने वळायचं तर दुसऱ्याने पोट आत घ्यायचं. न्हाणीघर होतं, पण ट्रेलर सरकवताना त्याचा पाइप काढून ठेवला होता. मेहुण्यांनी बादलीचा तोडगा काढला. त्याचा तपशील देत नाही.

मी भिंतीला कान लावून बसलो होतो. कुठे कुरकुरलं की माझा जीव वरच्या खोलीत जाऊन यायचा. बाहेरून हाका येत होत्या.

"अहो, जरा तो वरचा डबा—" एवढं म्हणून वहिनी थांबायच्या.

पुन्हा थोड्या वेळाने, "अहो, नळाचं जरा—"

प्रत्येक हाकेला मेहुणे अर्धे उठायचे आणि टेकूला डोकं लागलं की बसायचे. असं तीनचारदा झालं. मग ते उठेनासे झाले. मग हाका थांबल्या आणि वहिनी माझ्या बायकोला हाका मारू लागल्या. मेहुण्यांनी पाय लांब केले. माझे पाय होते त्याच जागी केले, म्हणून मी माझे काढून घेतले.

"जावईबापू," ते छताकडे बघत म्हणाले, "इथे हाक पोचते, पण माणूस पोचत नाही. फार उत्तम सोय आहे."

"एकाच दिवसाची आहे."

"कुठे जाणार होता तुम्ही हे घेऊन?"

"कुठेही. वाट नेईल तिकडे."

"म्हणजे ठरलं नाही."

"ठरवायचंच नाही, हाच तर मुद्दा आहे."

"हं," ते म्हणाले. पूल कुठून कुठे जाणार ते न ठरवता कुणी वर्गणी मागायला आल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आणि तिकडे पोचल्यावर काय करणार?"

"बसणार. शांतपणे. कोणी हाक मारणार नाही अशा ठिकाणी."

मेहुण्यांनी इकडेतिकडे पाहिलं. ओटा, पलंग, दोन कपाटं, वीतभर खिडकी. मग ते पलंगावर आडवे झाले. थोड्या वेळाने घोरू लागले. दुपारी झोपलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मी ओट्याला पाठ लावून, गुडघे हनुवटीशी घेऊन बसलो. गुडघ्यांबद्दल बायको काय म्हणत असे ते मला प्रथमच सविस्तर समजत होतं.

संध्याकाळी पाहुणे आले. त्यांना आम्हाला दाखवण्यात आलं. मावसबहीण फटीत वाकल्या, आम्हा दोघांना निरखून पाहिलं आणि मागे वळून वहिनींना म्हणाल्या, "बरे दिसतायत." त्यांच्या मिस्टरांनी भिंतीवर टिचकी मारायला हात पुढे केला तेव्हा आतून आम्ही दोघं एकदम ओरडलो. नंतर ते हातपाय धुवायला गेले. डबा आडवा होऊन आत आला, तेव्हा मेहुणे म्हणाले, "कित्येक वर्षांनी पाहुण्यांच्या आधी जेवतोय."

वहिनींनी जाता जाता सांगितलं, "तुमच्या बहिणीची मी वरच्या खोलीत सोय केलीय हो. तिला कशाला कुठे आडवं तिडवं झोपवायचं." हे त्या मेहुण्यांना म्हणाल्या, पण बघत माझ्याकडे होत्या.

रात्र मी टेकूंच्या मधे काढली. पलंग मेहुण्यांकडे होता.

सकाळी बायकांनी जॅक सैल केले. एकेक फळी निघाली तसा उजेड दारावर सरकत आला. दार उघडलं आणि मी बाहेर पडलो. कंबर कुठल्याशा कोनात अडकली होती. तशाच कोनात मी भिंतीपाशी गेलो आणि टिचकी मारली. टक. हात सरकवत वर, खाली, दाराच्या दोन्ही बाजूंना मारली. टक, टक, टक. कडेला डोळा लावून पाहिलं. पत्रा पाण्यासारखा सपाट होता. ऊन चढेपर्यंत मी तिथेच उभा राहिलो. फुगा आला नाही.

बायकोनेही तळहात फिरवून पाहिला. ती झोपून उठली होती, हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं. पूर्ण लांब होऊन झोपलेल्या माणसाचा तो चेहरा होता.

"झाली की नीट," ती म्हणाली. आणि मग, एकही जास्तीचं अक्षर न बोलता, "बॅगा भरते. निघू या."

मी तिला आयुष्यात इतकं मानलं नव्हतं. मी गाडी मागे घेऊन ट्रेलरच्या आकड्यापाशी आणली, चाकांना लावलेल्या विटा काढायला हात घातला आणि मेहुण्यांना हाक मारली, "दादा, या बाहेर. जोडतोय."

आतून उत्तर आलं, "तुम्ही चालू द्या. मी जरा पडलोय."

'जरा' हा शब्द त्यांच्या तोंडी मी प्रथम ऐकला.

बॅगा भरून झाल्या. पाहुण्यांचा नाश्ता झाला. वहिनी मागच्या दारात आल्या आणि त्यांनी ती हाक मारली. ट्रेलरचं दार आतून बंद झालं. कडी लागल्याचा आवाज स्पष्ट आला. आम्ही बसवलेला सांधा उत्तम होता, त्यातून दुसरं काहीही बाहेर आलं नाही.

बायको खिडकीपाशी जाऊन भावाशी बोलली. काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही. ती परत आली तेव्हा तिचे डोळे ओले होते.

"राहू द्या दादाला चार दिवस," ती म्हणाली. "आयुष्यात त्याने कुणाकडे काही मागितलं नाही. आपल्याकडे पहिल्यांदा मागतोय."

"पण तू म्हणाली होतीस की भिंत नीट झाली तर—"

"मी निघायला तयार आहे की. बॅग भरलीय. पण त्याला ओढून काढायचं तर तुम्ही काढा. अंगण त्याचं आहे, भिंत त्याने दाबून दिली, आणि मी त्याची बहीण आहे."

मी दारापाशी गेलो. हात कडीपर्यंत नेला. आतून मेहुणे गुणगुणत होते. सूर नव्हता, पण माणूस निवांत होता. मी हात खाली घेतला. मग आमच्या भरलेल्या बॅगा घेऊन मी जिना चढलो, कारण त्या अंगणात ठेवणं बरं दिसलं नसतं.

चार दिवसांचे पुढे आठवडे झाले. मेहुणे मजेत आहेत. वजन उतरलंय, पाइप जोडून घेतलाय, सकाळी पायरीवर बसून कप शेवटपर्यंत रिकामा करतात. वहिनी सुरुवातीला रागावल्या होत्या. आता डबा तिकडे पाठवतात, आणि वर राहिलेल्या माणसाबद्दल त्यांची काही तक्रार नाही. सकाळी मी कप उचलला की जिन्याखालून हाक येते, "भाऊजी, जरा." गिरणीवाला मला आता ओळखतो. औषधांच्या दुकानात माझी उधारी चालते. परवा मावसबहीण पुन्हा आल्या, तेव्हा स्टेशनवर मीच गेलो.

मेहुण्यांना मी अधूनमधून विचारतो, म्हणजे सहज, की भिंत कशी आहे. ते टिचकी मारून दाखवतात. गेल्या आठवड्यात त्यांनी दाराशेजारी नावाची पाटी लावली. पाटी पितळेची आहे, जड आहे, आणि पत्र्यातून चार स्क्रू मारून बसवली आहे.